सरड्याचे अंदाजपत्रक

ज्यांचे आयुष्य दुसऱ्यांच्या अंदाजपत्रकांवर शेरे मारण्यात गेले, त्यांना निवृत्तीनंतरही कागदावर आकड्यांची उभी ओळ दिसली की हात आपोआप तांबड्या पेन्सिलीकडे जातो. आमचे तसेच आहे. तेहतीस वर्षे लेखापरीक्षणाच्या कामात काढून, ग्वाल्हेर, रांची, शिलाँग, चेन्नई असा फेरा पुरा करून आम्ही दिल्लीत स्थिरावलो, त्यालाही आता बराच काळ लोटला. सेवेत असताना पूल तपासले, रस्ते तपासले, रुग्णालयांची औषधखरेदी तपासली. परंतु गेल्या पावसाळ्यात आमच्यापुढे जे अंदाजपत्रक आले, तसे पूर्वी कधी आले नव्हते. ते होते एका सरड्याचे.

आमची कन्या अमेरिकेत मिशिगन राज्यात असते. तिच्या बारा वर्षांच्या मुलाने सरडा पाळण्याचा हट्ट धरला, तेव्हा तिने त्याला सांगितले, "आधी खर्चाचा कागद तयार कर आणि आजोबांची मंजुरी आण, मग पाहू." यथावकाश वहीच्या पानाचे छायाचित्र आमच्या भ्रमणध्वनीवर आले. पानावर तीन बाबी होत्या: सरडा, ८० डॉलर, पिंजरा, १४० डॉलर, उबेचा दिवा, २५ डॉलर. एकूण २४५ डॉलर. खाली वेड्यावाकड्या देवनागरीत लिहिले होते, "आजोबा, हो म्हणा ना."

हा सरडा म्हणजे आपल्या अंगणाच्या कुंपणावर मान हलवीत बसणारा सरडा नव्हे. इंग्रजीत ज्याला शॅमेलिऑन म्हणतात तो हा प्राणी: दोन्ही डोळे दोन दिशांना फिरविणारा, चिमट्यासारख्या पायांनी फांदी धरून संथ चालणारा आणि आपल्या देहाहूनही लांब जीभ फेकून किडा टिपणारा. त्याच्या दोनशेहून अधिक जाती जगात आहेत आणि त्यांतील जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्कर बेटावर आहेत. आपल्या देशातही एक जात आहे. जाणकार तिला घोयरा सरडा म्हणतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने त्याला संरक्षण दिले असल्यामुळे त्याला धरून घरी ठेवणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. नातवाने निवडलेली जात मूळची येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातील. तिच्या डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंच तुरा असतो. अमेरिकेत तिची पैदास बंदिवासातच होते आणि तेथे पुष्कळ लोक ती हौसेने पाळतात.

प्रथमदर्शनी अंदाजपत्रक नीटनेटके होते. बेरीज बरोबर होती. परंतु लेखापरीक्षकाच्या अनुभवाला हे लवकरच येते की, बेरजेतील चूक ही सर्वांत क्षुल्लक चूक होय. खरी चूक कागदावर दिसत नाही. कारण ती जी बाब कागदावर आलेलीच नसते, तिच्यात असते. म्हणून आम्ही या प्राण्याच्या संगोपनासंबंधीचे पशुवैद्यकीय लिखाण मिळवून वाचले आणि नातवाचा कागद अकरा आक्षेपांसह परत पाठविला.

त्या आक्षेपांतील एक जंबुपार किरणांसंबंधी होता. हल्ली त्यांना अतिनील म्हणतात. रानात हा प्राणी उन्हात बसतो, तेव्हा त्या किरणांच्या योगाने त्याच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते आणि मग खाल्लेले कॅल्शियम हाडांना लागते. बंद घरात ऊन नाही. खिडकीची काच हे किरण बहुतांशी अडविते. सबब असे किरण देणारी खास नळी पिंजऱ्यावर लावावी लागते. ती नसल्यास मुलांच्या मुडदुसासारखा रोग होतो: हाडे मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा ढिला पडतो, प्राण्याला फांदी धरवत नाही. या नळीसंबंधीची एक गोष्ट आम्हांला विशेष बोधप्रद वाटली. डोळ्यांना दिसणारा तिचा उजेड दीर्घकाळ टिकतो. परंतु जंबुपार किरण मात्र बहुधा सहा महिने ते वर्षभरात क्षीण होतात. म्हणजे पिंजऱ्यात लख्ख प्रकाश आहे, पाळणारा निश्चिंत आहे आणि प्राण्याची हाडे आतल्या आत ठिसूळ होत आहेत, असे घडू शकते. नळी विझली म्हणून नव्हे, तर ती पेटती असतानाच, तारीख पाहून बदलावी लागते.

दुसरा आक्षेप पाण्याचा. हा प्राणी वाटीत साठविलेले पाणी सहसा पीत नाही. पानांवरून ओघळणारे थेंब तो जिभेने टिपतो. तेव्हा खरी झाडे हवीत आणि त्यांवर दिवसातून ठरावीक वेळी पाणी फवारणारे यंत्र हवे. तिसरा आक्षेप अन्नाचा. त्याला जिवंत रातकिडे लागतात, आणि ते रातकिडेही उपाशी चालत नाहीत. त्यांना आधी पालेभाजी खाऊ घालून मग त्यांच्यावर कॅल्शियमची भुकटी भुरभुरावी लागते. एका आश्रिताबरोबर त्याच्या अन्नाचाही प्रपंच आला. येथे आमच्या एका जैन स्नेह्यांनी प्रश्न केला की, सरड्यावरच्या दयेच्या या हिशेबात रातकिड्यांची नोंद कोणत्या बाजूला करावयाची? आम्ही निरुत्तर झालो. मांसाहारी प्राणी पाळणाऱ्याच्या हिशेबात ही एक बाब कायमची अनिर्णीत राहते, एवढेच आम्ही प्रांजळपणे मान्य करतो.

नातवाने एका आक्षेपाला प्रत्युत्तर दिले. तो म्हणाला, एकटा सरडा कंटाळेल. तेव्हा आणखी थोडे पैसे घालून जोडीच का आणू नये? प्रश्न प्रेमळ होता, पण तो माणसाचा होता, सरड्याचा नव्हे. हा प्राणी स्वभावतःच एकाकी आहे. दोघांना एका पिंजऱ्यात ठेवले तर नर झुंजतात, आणि झुंज झाली नाही तरी नुसते एकमेकांच्या दृष्टीस पडणे त्यांना जाचते. मादी घ्यावी, तर नराच्या सहवासाविनाही तिला अंडी होतात. ती घालण्यासाठी ओलसर वाळूची खोल पेटी मिळाली नाही, तर अंडी पोटात अडून ती दगावते. किंबहुना त्याला वारंवार हातात घेणे, कुरवाळणे हेही त्याच्या दृष्टीने संकटच असते. घाबरला किंवा त्रासला की तो बहुधा काळवंडतो. "सरड्यासारखा रंग बदलणारा" ही शिवी आपण लबाडाला देतो, ती या प्राण्यावर अन्याय करणारी आहे. जिनिव्हा येथील संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले की, त्याच्या त्वचेतील पेशींत अतिसूक्ष्म स्फटिकांची रचना असते आणि त्यांमधील अंतर कमीजास्त करून तो रंग पालटतो. हा पालट तो प्रायः लपण्यासाठी करीत नाही. ऊब, भय, राग, प्रणय यांच्या योगाने करतो. माणूस मन झाकण्यासाठी रंग बदलतो. सरड्याचे मन त्याच्या कातडीवर उमटते. मात्र ते वाचता येणारा कोणी समोर असावा लागतो.

सुधारलेले अंदाजपत्रक तीन आठवड्यांनी आले. वाचकांपैकी बहुतेकांचा जन्म अशा कागदांत गेला आहे, म्हणून ते येथे देण्यास संकोच वाटत नाही. अनावर्ती खर्च असा: बंदिवासात जन्मलेला नर सरडा, ८०, दोन फूट लांब, दोन फूट रुंद व चार फूट उंच असा जाळीचा पिंजरा, १४०, जंबुपार किरणांची नळी तिच्या सांगाड्यासह, ७५, उबेचा दिवा, २५, फवारणीचे यंत्र, ११०, झाडे व फांद्या, ६०, उष्णता व आर्द्रता मोजण्याचे साधन, २०, भुकट्या, २५, पशुवैद्याची पहिली तपासणी, ९०. एकूण ६२५ डॉलर. आवर्ती खर्च दर वर्षी: रातकिडे इत्यादी, ३६०, नवी नळी, ३५, भुकट्या, २५, वीज, ६०, पशुवैद्य, ९०. एकूण ५७० डॉलर. हा नर चांगल्या संगोपनात पाच ते आठ वर्षे जगतो. सहा वर्षे धरली, तर आवर्ती खर्च ३,४२० डॉलर. त्यात आमच्या आग्रहास्तव आकस्मिक आजारासाठी ३०० डॉलरची तरतूद. सर्व मिळून ४,३४५ डॉलर. ८० डॉलरचा सरडा या रकमेत शेकडा दोनहूनही कमी भरतो.

हे आकडे आम्ही येथील काही मित्रांना वाचून दाखविले, तेव्हा सर्वांच्या तोंडून एकच म्हण बाहेर पडली: चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. आम्ही लेखापरीक्षक, म्हणून ती म्हणही तपासली. केवळ पहिल्या दिवसाचा खर्च धरला, तरी चार आण्यांच्या सरड्याला मसाला सत्तावीस आण्यांहून थोडा अधिक पडतो. मित्र हसले. आम्हीही हसलो. परंतु रात्री अंथरुणावर पडल्यावर त्या म्हणीतील एक गोष्ट आम्हांला टोचू लागली. ती म्हण खरी आहे, शहाणपणाची आहे. पण ती कापून खावयाच्या कोंबडीविषयी आहे. तिच्यातील कोंबडीचा व्यवहार संध्याकाळच्या जेवणाबरोबर संपतो, म्हणून तिची किंमत आणि तिच्यावरील खर्च यांची तुलना करता येते. जो जीव पाळावयाचा आहे, त्याच्या बाबतीत चार आणे ही किंमतच नव्हे. ती केवळ दार उघडण्याची फी आहे. बारा आण्यांचा मसाला हीच त्याची किंमत.

येथे तत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. बाजारात वस्तू विकत घेतली की व्यवहार पुरा होतो: पैसे दिले, वस्तू आली, कोणी कोणाचे देणे लागत नाही. जीव विकत घेतला की व्यवहार त्या क्षणी सुरू होतो. दुकानदाराचे देणे फिटते, पण जीवाचे देणे लागते. आपल्या परंपरेने देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली. ती माणूस जन्मतःच घेऊन येतो. पाळलेल्या प्राण्याचे ऋण मात्र जन्मतः नसते. ते आपण भर दुकानात, स्वखुशीने, बहुधा हसत हसत काढतो. ज्याच्याकडून काढतो त्याला स्वाक्षरी करता येत नाही, तगादा लावता येत नाही आणि फिर्याद तर मुळीच करता येत नाही. असे ऋण बुडविणे जगात सर्वांत सोपे. आणि म्हणूनच ते बुडविणे सर्वांत हीन, असे आम्हांला वाटते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. जगात माणसांची मुले उपाशी असताना एका सरड्यावर साडेतीन-चार लाख रुपयांची रक्कम उधळावी काय? आमच्या मते हा प्रश्न रास्त आहे, परंतु त्याला विचारण्याची एक वेळ आहे. सरडा घरात येण्यापूर्वी तो विचारलाच पाहिजे. आणि ज्याला त्याचे उत्तर "नाही" असे येते त्याने सरडा आणू नये, हे उत्तम. सरडा घरात आल्यानंतर मात्र तोच प्रश्न पळवाट होतो. कारण पिंजऱ्याचे दार लावण्यापूर्वी जी चैन असते, ती दार लावल्यावर कर्ज होते. "गरिबांची आठवण झाली म्हणून या महिन्यात नळी बदलली नाही" असे म्हणणाऱ्याने गरिबाला काही दिलेले नसते. त्याने केवळ सरड्याचे बुडविलेले असते.

याचाच अर्थ असा की, पाळणाऱ्याला खरे स्वातंत्र्य एकाच क्षणी असते: "नाही" म्हणण्याच्या क्षणी. त्यापूर्वी तो मोहात असतो, नंतर तो बांधलेला असतो. अंदाजपत्रक हे त्या एका क्षणात करावयाचे काम आहे. आपण त्याला रुक्ष समजतो; वस्तुतः ते नीतीचे काम आहे. कारण ज्याच्यावर आपली सत्ता चालणार आहे त्याच्या गरजा, त्याने न सांगता, तो समोर नसताना, एकेक करून मोजणे म्हणजे त्याचे अस्तित्व प्रथमच गंभीरपणे मान्य करणे होय. बेंथम या इंग्रज तत्त्वज्ञाने १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात प्राण्यांविषयी हा मुद्दा मांडला की, त्यांना बुद्धी आहे का, वाचा आहे का, हे गौण आहे. त्यांना यातना होतात का, एवढेच पाहावयाचे. मुद्दा बिनतोड आहे. त्याला आम्ही आमच्या व्यवसायाची एक ओळ जोडू इच्छितो: यातना होतात हे एकदा मान्य केले की, त्या टाळण्याचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली पडणार, हेही सांगावे लागेल.

शिबिराजाची कथा आपण सर्वांनी बालपणी ऐकली आहे. ससाण्याच्या भयाने कबुतर राजाच्या आश्रयाला आले; राजाने त्याला अभय दिले. येथवर कथा गोड आहे. मग ससाणा म्हणाला, "माझ्या अन्नाचे काय?" आणि तराजू आला. एका पारड्यात कबुतर, दुसऱ्यात राजाच्या मांडीचे मांस. राजा कापून टाकीत गेला तरी कबुतराचे पारडे जडच. अखेर तो स्वतःच पारड्यात बसला. लहानपणी आम्हांला ही दानशूरतेची कथा वाटे. आता वाटते, ही अंदाजपत्रकाची कथा आहे. अभय देण्याचा शब्द क्षणाचा असतो. त्या शब्दाचे वजन नंतर कळते, आणि ते नेहमी प्रथम वाटले त्याहून अधिक निघते. राजाचे थोरपण अभय देण्यात जितके आहे, त्याहून अधिक तराजूसमोरून न उठण्यात आहे.

मुंबईच्या इतिहासात याचा दाखला आहे. १८३२ साली सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम जारी केला, तेव्हा पारशी समाज खवळला आणि शहरात दंगल झाली. दया तेव्हाही होती; पण दगडफेकीने कुत्र्यांचे पोट भरत नव्हते. दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई प्रभृती धनिकांनी मुंबईचा पांजरपोळ उभा केला. दंगलीत भूतदयेचा आवेश दिसला. पांजरपोळात तिची तरतूद झाली. आवेश दोन दिवस टिकला, तरतूद आजही टिकून आहे. आपल्या राज्यघटनेत १९७६ साली जी मूलभूत कर्तव्ये घालण्यात आली, त्यांत प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हेही एक आहे. त्याच घटनेच्या २६७ व्या अनुच्छेदात आकस्मिकता निधीची सोय आहे. ही दोन कलमे एकमेकांपासून फार दूर आहेत. परंतु ज्याला पहिले पाळावयाचे आहे, त्याने दुसऱ्याचा धडा घ्यावा, असे आमच्यासारख्याला वाटल्यावाचून राहत नाही.

कोणी म्हणेल, खर्च झेपला नाही तर प्राण्याला मोकळे सोडून द्यावे. पिंजऱ्यापेक्षा ते बरे. "सरड्याची धाव कुंपणापर्यंत" असे आपण म्हणतो, तेव्हा कुंपण सरड्याच्या आवाक्याने ठरलेले असते. येथे कुंपण आपण बांधलेले आहे, तेव्हा ते आपणच काढावे. हा विचार उदार दिसतो, पण तो खोटा आहे. १९७२ साली हवाई बेटांवरील एका व्यापाऱ्याने केनियाहून काही डझन शिंगवाले शॅमेलिऑन मागविले. प्रवासात ते सुकून गेले होते, म्हणून त्याने त्यांना सावरण्यासाठी आपल्या बागेत सोडले. ते सावरले, एवढेच नव्हे, तर पसरले. आज त्या बेटांवर ते रानटी होऊन राहिले आहेत आणि तेथील किडे व गोगलगाई, ज्यांना असा शत्रू कधी ठाऊक नव्हता, त्यांचे भक्ष्य होत आहेत. दया एकाची आणि वसुली तिसऱ्याकडून, असा हा व्यवहार झाला. शिवाय येमेनचा प्राणी मिशिगनच्या हिवाळ्यात सोडणे म्हणजे मुक्ती नव्हे. ज्या कर्जाचा हप्ता झेपत नाही ते रस्त्यावर टाकून देता येत नाही.

आता जे लिहावयाचे ते लिहिण्यास हात थोडा अडखळतो. परंतु दुसऱ्याच्या कागदावर आयुष्यभर आक्षेप घेतलेल्याने आपला एक कागद तरी तपासणीस ठेवावा.

शिलाँगला असताना आमच्या कन्येने रस्त्यावरचे एक पिल्लू घरी आणले. त्याचे नाव शेरू. त्याला आम्ही विकत घेतले नव्हते, म्हणून त्याचे देणे लागतो असेही कधी वाटले नाही. तो तीन वर्षे आमच्या घरी वाढला. कन्या शाळेतून येण्याच्या वेळी तो फाटकापाशी जाऊन बसे. मग चेन्नईला बदली झाली. कपाटे, पलंग, स्कूटर यांच्या वाहतुकीचा हिशेब आम्ही पैपैचा मांडला. शेरूची बाब त्यात नव्हती. तिकडचा उकाडा त्याला सोसणार नाही, प्रवास तीन दिवसांचा आहे, नव्या घराचा भरवसा नाही, अशी कारणे आम्ही सांगितली आणि ती सर्व खरी होती. चौकीदाराला शंभर रुपये आणि एक जुने कांबळे देऊन आम्ही शेरूला त्याच्या हवाली केले. सहा महिन्यांनी एका सहकाऱ्याच्या पत्रात ओझरता उल्लेख आला: शेरू चौकीदाराकडे राहिला नाही, आमच्या जुन्या घराच्या पायरीवर येऊन बसे. नव्या बिऱ्हाडाला कुत्र्याची आवड नव्हती. पुढे तो कोणाला दिसला नाही. ते पत्र कन्येनेही वाचले. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. त्यानंतर आमच्या घरात कुत्र्याचा विषय कोणी काढला नाही.

आपणांपैकी ज्यांच्या बदल्या झाल्या आहेत, त्यांच्या मागे कोठेतरी अशी एखादी पायरी राहिलेली असेल. आपण मुलांच्या शाळेचे पाहतो, पुस्तकांच्या पेट्या बांधतो, तुळशीची कुंडीही शेजाऱ्याला नीट समजावून देतो. ज्याला बदलीचा हुकूम वाचता येत नाही, त्याच्यासाठी मात्र तरतूद नसते. शेरूचे आमच्यावर प्रेम होते, आणि आता वाटते की त्या प्रेमानेच आमचा हिशेब बिघडविला. तो रोज शेपूट हलवून पावती देई, म्हणून आम्ही समजलो की, त्याचे देणे रोजच्या रोज चुकते होत आहे. सरडा अशी पावती देत नाही. तो पाळणाऱ्याला ओळखून धावत येणार नाही, उपकार स्मरणार नाही. फार तर सहन करील. या दृष्टीने तो अधिक कठोर आणि अधिक प्रामाणिक धनको आहे. त्याच्यासाठी जे करावयाचे ते परतफेडीची आशा न ठेवता, केवळ आपण त्याचे दार लावले म्हणून करावयाचे. बारा वर्षांच्या मुलाला हे शिकता आले, तर चार हजार डॉलर महाग नाहीत; आणि न आले, तर ८० डॉलरही फार आहेत.

म्हणून आम्ही मंजुरी दिली नाही आणि नाकारलीही नाही. आम्ही नातवाला लिहिले की, एक वर्ष सरड्याशिवाय सरड्याचा खर्च करून पाहा. दर महिन्याला साडेसत्तेचाळीस डॉलर बाजूला ठेव. पिंजरा मांड, झाडे लाव, दिवे ठरल्या वेळी लाव आणि मालव. सुटीला कोठे जाल, तर मागे पाणी कोण फवारणार ते आधी ठरव. वर्षाअखेर झाडे जिवंत असली आणि रक्कम पुरी असली, तर पुढे बोलू. त्याने ते मान्य केले, किंचित नाराजीने. आता पाचवा महिना चालू आहे. दर पहिल्या तारखेला तो आम्हांला शिल्लक कळवितो आणि रिकाम्या पिंजऱ्याचे छायाचित्र पाठवितो. आतापर्यंत एक झाड वाळले. ते त्याने न लपविता कळविले आणि त्याची किंमत खर्चात धरली.

गेल्या महिन्याच्या हिशेबात मात्र एक बाब नवी होती. ती नातवाच्या अक्षरात नव्हती. कागदाच्या तळाशी, आकस्मिक आजाराच्या तरतुदीखाली, आमच्या कन्येने स्वतःच्या हाताने लिहिले होते: "घर बदलावे लागल्यास: सरड्याच्या प्रवासाचा, किंवा जाणत्या घरी त्याची सोय लागून तो तेथे रुळेपर्यंतचा खर्च, २५० डॉलर." कागदासोबत पत्र नव्हते, खुलासा नव्हता.

तेहतीस वर्षांच्या सेवेत नवी बाब पाहून तिचे समर्थन मागितल्याशिवाय आम्ही कागद पुढे जाऊ दिला नव्हता. या बाबीवर आम्ही कोणताही आक्षेप घेतला नाही.